आठ वाट्यांतलं जंगल

शनिवार, ४ ऑक्टोबर

अरफाने ही वही दिली. वर शिंग असलेला घोडा आहे आणि त्याची चमकी बोटांना लागते. म्हणाली, "दादी, यू विल गेट बोअर्ड. राईट एव्हरीथिंग." मी चौथी शिकलेली बाई, एव्हरीथिंग कुठून आणू? तीही मराठी शाळेतली चौथी. उर्दू शाळा खाडीपलीकडे होती आणि मला होडीत उलट्या व्हायच्या, म्हणून बाबांनी अलीकडच्या शाळेत घातलं. त्याचा फायदा आज झाला. या घरात मराठी वाचणारा एक माझा मुलगा जहूर, आणि त्याला जेवायला वेळ नाही. सून नौशीन मुंब्र्याची, तिची इंग्लिश शाळा. अरफा तर तिचीच मुलगी. म्हणजे मी काहीही लिहायला मोकळी.

काल इथे आखातात विमानातून उतरले. सुका जवळा डब्यात, डबा पिशवीत, पिशवी नमाजच्या दुपट्ट्यात. कुणी हुंगलं नाही.

घर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगला बदामाचं झाड आहे, आपल्या जेटीवर आहे तसंच, ताटाएवढ्या पानांचं. ओळखीचं कुणीतरी आधीच येऊन थांबलंय असं वाटलं. व्हिसा साठ दिवसांचा. अरफाने कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाला लाल गोल केला. मी म्हटलं, चांगली गोष्ट मोजू नये गं, मोजली की कमी होते. ती म्हणाली, "दादी, दॅट्स नॉट मॅथ्स."

रविवार, ५ ऑक्टोबर

आज जहूरचं जंगल बघितलं.

जहूर चिलरचा, म्हणजे गारवा करणाऱ्या मशीनचा, माणूस. सतरा वर्षं झाली इथे. आधी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एसीचे कॉम्प्रेसर उघडायचा. आता एका मॉलमध्ये काचेचं जंगल केलंय, तिथला गारवा, धुकं आणि पाणी सांभाळतो. मॉलच्या बाहेर चप्पल चिकटेल एवढं ऊन, आत पाऊस. बटणावरचा, पण भिजवणारा. दर वीस मिनिटांनी पडतो आणि तो माझा मुलगा पाडतो. हे मला आधी सांगितलं असतं तर गावात जरा वेगळ्या मानाने फिरले असते.

मागच्या खोलीत नीरवभाई भेटले. बडोद्याचे आहेत, प्राण्यांचं शिकलेत. त्यांनी बेडूक दाखवले. मला वाटलं विहिरीतल्यासारखे असतील. हे अंगठ्याच्या नखाएवढे! अंग लालभडक, मिरचीसारखं, आणि पाय निळे. जीन्स घातलीय म्हणा. कोस्टा रिका, पनामा असे देश आहेत, तिथल्या रानात राहतात. तिथे बारा महिने ओल, एवढी की झाडाच्या खोडावर दुसरी झाडं उगवतात. अननसाच्या जातीची. त्यांच्या पानांच्या बेचक्यात घोटभर पाणी साठतं. बेडकी एकेका पिल्लाला पाठीवर घेते, झाडावर चढते आणि एकेकाला एकेका बेचक्यात सोडते. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. मग दोन-तीन दिवसांनी प्रत्येकाकडे परत जाते आणि त्याच्यासाठी एक अंडं घालते. खायला! ती पिल्लं दुसरं काही खातच नाहीत. आई आली की पिल्लू पाण्यात थरथरतं, म्हणजे आईला कळतं की आत कुणीतरी आहे. मी काचेला नाक लावून बघितलं. थरथरलं. अल्लामियाँनी काय काय करून ठेवलंय, आणि आम्ही आपले खाडीकाठी बसून कोळंबी सोलतोय.

विषारी आहेत म्हणाल्यावर मी हात मागे घेतला. अरफा हसली. जंगलात मुंग्या आणि बारीक किडे खाऊन यांना विष चढतं. इथे जन्मलेल्यांना फळमाश्या खायला घालतात, त्यांच्या अंगात काही नसतं. रंग तेवढा तोच. मी म्हटलं, म्हणजे नुसता दरारा, आमच्या गावच्या पुढाऱ्यासारखा. जहूरने ते नीरवभाईंना हिंदीत सांगितलं. ते खूप हसले. मोठा मनमोकळा माणूस.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पाच दिवस लिहिलं नाही. घावणे केले, अरफाच्या केसांना तेल लावलं, त्यात काय लिहायचं.

आज मात्र झालं. नीरवभाई गुरुवारी बडोद्याला गेले, वडिलांचं ऑपरेशन आहे. जाताना सगळं जहूरवर सोपवून गेले. आणि काल मागच्या खोलीचा कॉम्प्रेसर बसला. जुम्म्याचं कुणी नव्हतं. जहूर पोचेपर्यंत खोली चुलीसारखी झाली होती. बेडकी गेली. मोठे दुसरे बेडूक पुढच्या जंगलात होते ते वाचले. तिची पिल्लं पाण्यात होती, तीही वाचली.

जहूर दुपारी घरी आला तो हातात परात धरल्यासारखा ट्रे घेऊन. त्यावर आठ छोट्या काचेच्या वाट्या. नीरवभाईंनी फोनवर सांगितलं, तिकडची खोली दुरुस्त होईपर्यंत घरीच ठेव, चोवीस डिग्रीला. आईशिवाय ही जगत नाहीत, दहातलं एखादं जगतं. पण बघ.

स्वयंपाकघरात जहूर नौशीनला सांगत होता. मॅनेजर म्हणाला, चिलर बघायचा माणूस असून खोली तापते कशी? ही आठही गेली तर तुझं इथे काही काम नाही. एक डिसेंबरपासून रास अल खैमा, सिमेंटच्या प्लँटवर.

"आणि आम्ही?" नौशीन म्हणाली.

"तिकडे फॅमिली रूम नाही. बॅचलर कॅम्प आहे."

मी लगेच म्हटलं, "मग काय झालं? नौशीन आणि अरफा माझ्याबरोबर येतील. जेटीजवळची शाळा आता इंग्लिश झाली आहे. मागची खोली रिकामीच आहे."

नौशीन बाहेर गेली. डोळे पुसत होती. ती कांदा कापत होती ना. इथले कांदे फार तिखट.

रविवार, १२ ऑक्टोबर

वाट्या आमच्या खोलीत आहेत, माझ्या आणि अरफाच्या. उद्यापासून जहूर आणि नौशीन दोघं कामावर (ती जुलैपासून दवाखान्यात काउंटरवर बसते, बाराखडीसारखी इंग्लिश बोलते), अरफा शाळेत. मग करणार कोण? मी.

काम असं. अंडं उकडायचं. पिवळा बलक पाण्यात कालवायचा, दुधासारखा. औषधाच्या नळीने प्रत्येक वाटीत एक थेंब. तीन दिवसांनी एकदा. दुसऱ्या दिवशी राहिलेलं ओढून घ्यायचं आणि पाणी बदलायचं, नाहीतर सडतं. पाणी सिंकखालच्या मशीनचं, ते जहूरने स्वतः बसवलंय. त्यात कसली माती नाही, क्षार नाही, पावसाच्या पाण्यासारखं कोरं. त्यात बदामाचं वाळकं पान उकळून चहाच्या रंगाचं करून घालायचं. नीरवभाई म्हणाले, त्या रानात पानं कुजून पाणी असंच तांबूस होतं, पिल्लांना ते मानवतं. बदामाचं पान! मी म्हटलं, हे काम माझ्यावर सोडा. खाली जाऊन पदर भरून आणली. वॉचमन बघत राहिला.

जहूरने वाट्यांवर एक ते आठ आकडे लिहिलेत. मी ते सगळे भिंतीकडे फिरवून ठेवले. लेकरांवर कुणी आकडे घालतं का?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पहिला दिवस कुणी खाल्लं नाही. आज कोपऱ्यातलं एक, नळी पाण्याला टेकली तशी, थरथरलं. अंग ताठ करून शेपूट असं कापलं, वाऱ्यावर दोरा कापावा तसं. मी नळी धरून बसले. माझ्या हाताला मुंग्या आल्या तरी सोडली नाही.

मी चार लेकरं वाढवली, त्यातलं एकही मला बघून थरथरलं नाही. पळायची.

संध्याकाळी जहूरला सांगितलं. तो बूटसुद्धा न काढता आत आला. त्याने नळी धरली तर काही नाही. मी धरली, थरथरलं. "अम्मी, याला तूच लागतेस," म्हणाला. जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सगळी खातात. दोघांना मागे पायांचे कोंभ आलेत, मोहरीएवढे.

अरफा शाळेतून आली की चष्मा लावून एकेका वाटीचा फोटो काढते. काल तिने मला मोबाईलवर त्या रानाची चित्रं दाखवली. सगळीकडे हिरवं, वरून पाणी गळतंय, वेली, शेवाळं. मी विचारलं, तिथे माणसं नाहीत? "देअर आर, दादी, बट दे आर कटिंग इट." केळीचे बाग करायला झाडं पाडतात म्हणे. म्हटलं, म्हणून ही लाल पोरं मॉलमध्ये आली. ती म्हणाली, "लाइक अस." मला कळलं नाही. आम्ही कुठे मॉलमध्ये आलो?

आज गावी अन्वरीला फोन केला. अन्वरी म्हणजे शेजारीण, माझ्या घराची चावी तिच्याकडे असते. सांगितलं, मागची खोली रंगवून घे, फिका हिरवा दे. आणि खिडकीखाली एक टेबल बसेल का बघ, पोरीला अभ्यासाला. ठरलं काहीच नाही. पण रंगवलेली खोली कुठे वाया जाते?

मला काय, ही जगावीत असंच वाटतं. रोज दुवा करते. खोलीचं आपलं वेगळं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

समोरच्या फ्लॅटमधल्या सुलक्षणाबाई आल्या. पुण्याकडच्या, त्यांचा मसाल्यांचा धंदा आहे, बाई बोलायला भारी गोड. वाट्या बघून गालावर हात ठेवले. "अगंबाई! आणि सगळी जिवंत? एक, दोन, तीन..." बोट लावून मोजली. आठच्या आठ. "मरियमबी, तुमच्या हाताला यश आहे हो. माझ्याकडे तर तुळसही जगत नाही."

नौशीनने चहा केला. मी हसले, पण माझं चित्त चहात नव्हतं. एवढं कौतुक, आणि वर मोजणं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रात्रभर तेच डोक्यात. एकाने आज नळीला थरथरायला उशीर केला. कळलं मला.

दुपारनंतर पाणी बदलायला घेतलं. सहा वाट्यांचं झालं, त्या ट्रेवर परत नेऊन ठेवल्या. दोन ओट्यावरच राहिल्या, कारण सूर्यास्ताची, मगरीबची बांग झाली. नमाज पढले आणि मग सहांच्या ट्रेजवळ गेले. दोन लाल मिरच्या, चिमूट मोहरी आणि मूठभर मीठ. ट्रेवरून सात वेळा उतरवलं. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, बघितल्या-न बघितल्याची, जी असेल ती निघो. जहूरची अशीच काढायचे, तो आखातात निघाला त्या दिवशीही काढली.

इथलं मीठ मात्र पिठासारखं. आपलं खडं मीठ मुठीत बसतं, हे बोटांच्या फटीतून झरतं. थोडं सांडलं. टेबल पुसून घेतलं. मिरच्या गॅसवर टाकणार होते, पण नौशीन म्हणते धुराने छतावरची घंटी वाजते आणि खाली सगळी बिल्डिंग गोळा होते. म्हणून कागदात बांधून कचऱ्यात टाकल्या. ठसका लागतो का नाही ते बघता आलं नाही, त्यामुळे नजर होती का ते कळलं नाही. पण मनाला बरं वाटलं.

ओट्यावरच्या दोघांची राहिली. उद्या काढीन.

जुम्मा, ७ नोव्हेंबर

सकाळी दोन पोट वर करून पडलेली. कोपऱ्यातलं, माझं, त्यात होतं. नळी लावली, हललं नाही.

नजर मोठीच होती. उशीर केला मी.

रविवार, ९ नोव्हेंबर

ट्रेवरची सहाही गेली. ओट्यावरची दोन आहेत. त्यांची नजर काढायची राहिली तर राहिली, जहूर त्यांना हात लावू देत नाही.

जहूरने पेनसारखं मीटर घातलं मेलेल्यांच्या पाण्यात. आकडा बघून खाली बसला. मग मशीनचं पाणी घेतलं, त्यात घातलं. ते ठीक. परत घेतलं, परत ठीक. "गुरुवारच्या पाण्यात क्षार उतरलेत," म्हणाला. "सहा वाट्या त्या पाण्याच्या. या दोन जुन्या पाण्यात होत्या म्हणून वाचल्या. आतलं गाळायचं मेम्ब्रेन गळतंय, कधी गळतं, कधी नाही. माझ्या हातचं मशीन, नौशीन. आधी कॉम्प्रेसर, आता हे."

"गळती कधीपासून आहे?" नौशीनने विचारलं.

"माहीत असतं तर?" तो ओरडला. जहूर कधी ओरडत नाही. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला तेव्हाही नाही.

मी विचारलं, "क्षार म्हणजे कसले रे?"

"मीठ, अम्मी. साधं मीठ. यांच्या कातडीतून आत जातं, यांना तोंडाने प्यावं लागत नाही. चिमटीभर पुरतं."

मी नमाजची चटई उलगडली. वेळ झाली नव्हती.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज लिहिते ते खरं लिहिते.

मी सांगितलं नाही. काल नाही, आज सकाळी नाही, दुपारी जहूरने मशीन उघडून फरशीवर पसरलं तेव्हाही नाही. तो एकेक नळी डोळ्यासमोर धरून बघत होता आणि मी त्याला चहा दिला. संध्याकाळी नौशीनने शाळेला फोन केला, लिव्हिंग सर्टिफिकेटला किती दिवस लागतात म्हणून. अरफा बाथरूममध्ये दार लावून बसली. मी बाहेरून म्हटलं, गावाला होडी आहे, तुला होडीत बसवीन. ती म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट अ बोट, दादी." मग बराच वेळ नळ वाहत होता.

खोली रंगवून झाली, अन्वरीचा फोन आला. रंग छान आलाय म्हणे.

सांगितलं तर काय होईल? मेलेली परत येणार नाहीत. न सांगितलं तर काय होईल? मला बरं वाटेल असंच होईल. हे लिहिलं आणि वाचून बघितलं. माझंच अक्षर आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पहाटेच्या फजरनंतर जहूर चहा घ्यायला आला. आज मॅनेजरला लिहून देणार होता की मशीन त्याचं, चूक त्याची.

मी म्हटलं, "मशीन बरं आहे. मी नजर काढली. मीठ माझ्या हातून सांडलं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं आता ओरडेल. त्याने विचारलं, "किती मीठ, अम्मी?"

"मुठीतलं. थोडं."

"थोडं म्हणजे किती? दाखव."

त्याने टेबलावर ट्रे ठेवला, त्यावर सहा रिकाम्या वाट्या, त्यांत मशीनचं कोरं पाणी. नौशीनही उठून आली. मी डबा काढला, मूठ भरली आणि सात वेळा उतरवलं. दुवा नाही म्हटली, तरी ओठ हलत होते. मीठ झरताना डोळ्यांना दिसत नाही. बोटांनाही कळत नाही. जहूरने एकेका वाटीत मीटर घातलं आणि आकडा कागदावर लिहिला. मेलेल्यांचे आकडे दुसऱ्या कागदावर होते. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"खलास," तो म्हणाला. "मशीन ठीक आहे." आणि खुर्चीत असा बसला की जणू कुणी खांद्यावरून सिमेंटची गोण उतरवली. मग हसला, मग तोंड दाबून धरलं. "सतरा वर्षं मी प्रेशर, गॅस, लीक शोधतोय. मीठ-मिरची कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही, अम्मी."

नौशीन हसली नाही. तिने मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, जिथे माझा हात पोचत नाही. म्हणाली, "अम्मी, तुम्हाला परवाच कळलं होतं ना? त्यांनी क्षार म्हणजे मीठ सांगितलं तेव्हा."

मी टेबलावरचं मीठ पुसायला घेतलं.

"मी शाळेला फोन केला, तेव्हाही तुम्ही तिथेच होतात."

ती कामावर गेली. टिफीन विसरली. मी वॉचमनबरोबर धाडला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

जहूरने मॅनेजरला खरं ते लिहून दिलं, आकड्यांसकट. मॅनेजर म्हणाला, नीरव आल्यावर बघू. आम्ही घरात हळू बोलतो. नौशीन माझ्याशी बोलते, वाढते, पण नुसतं तेवढंच.

काल ओट्यावरच्या दोघांतलं एक गेलं. याला कुणी काही केलं नव्हतं. नीरवभाई फोनवर म्हणाले, असंच जातात, आईशिवाय.

आता एक. त्याच्या वाटीवर आठ आकडा आहे. मी तो फिरवत नाही.

जुम्मा, २१ नोव्हेंबर

नीरवभाई आले. वडील बरे आहेत. मी त्यांच्यासाठी सांदणं केली, नारळाच्या रसाबरोबर. दोन खाल्ली, तिसरं रुमालात घेतलं.

वाटी उजेडात धरून बराच वेळ बघितली. मग जहूरची वही मागितली. जहूरने रोजचं सगळं लिहिलं होतं, कधी बलक, कधी पाणी, किती डिग्री, मीटरचा आकडा, कोण थरथरलं, कोण नाही. शेवटच्या पानांवर माझं मीठसुद्धा. नीरवभाई वाचता वाचता म्हणाले, "मैंने ऐसी डायरी किसी डिग्रीवाले की नहीं देखी." मग माझ्याकडे वळून, "माँजी, आपने सातों बार उतारा था?" मी म्हटलं, सात वेळाच काढतात. ते मान खाली घालून हसले.

जाताना म्हणाले, मी मॅनेजरशी बोलतो. मला मागच्या खोलीत चिलरही कळणारा आणि हेही कळणारा माणूस पाहिजे. मी म्हटलं, इन्शाल्ला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पुढचे पाय फुटले! सकाळी एक, दुपारी दुसरा. जणू आतून कुणी कोपर बाहेर काढलं. अरफाने उडी मारली आणि खालच्यांनी छत ठोकलं. शेपूट अजून आहे. आता खात नाही, शेपूट जिरवून जगतं म्हणे. नीरवभाईंनी वाटी तिरकी करायला सांगितली, चढायला शेवाळ ठेवायला.

जहूर आज दुपारीच घरी आला. रास अल खैमा रद्द. जानेवारीपासून मागची खोली त्याच्याकडे, नीरवभाईंच्या हाताखाली. नौशीनने तोंडावर ओढणी धरली. मी मुद्दाम बघितलं, आज कांदा नव्हता.

रविवार, ३० नोव्हेंबर

उद्या निघायचं. अरफाचा लाल गोल परवाचा आहे, पण विमान उद्याचं.

काल वाटी जहूर परत घेऊन गेला. बेडूक आता मसुरीच्या डाळीएवढा, तपकिरी, पाठीवर नुसती लालीची चाहूल. शेवटचं नळी घेऊन बघितलं मी. थरथरला नाही. मोठा झाला ना. आता माश्यांमागे पळतो.

नौशीनने माझी बॅग भरली. खजूर, केशर, बाम, आणि अन्वरीसाठी अत्तर. ओढणीची घडी घालता घालता म्हणाली, "मागच्या खोलीचा रंग सुकला का?"

मी अत्तराची बाटली कागदात गुंडाळायला घेतली.

"अन्वरीखालांचा मला फोन आला होता, ऑक्टोबरमध्येच. टेबल किती उंच पाहिजे विचारायला." बॅगची चेन लावली, बसत नव्हती, गुडघ्याने दाबली. "एप्रिलमध्ये अरफाला सुट्टी आहे. दहा दिवस येऊ. टेबल राहू द्या."

दहा म्हणाली. मी मनातसुद्धा मोजले नाहीत.

रविवार, १४ डिसेंबर

घरी येऊन तेरा दिवस झाले. वही आणली, अरफा म्हणाली पानं उरलीत, ती भर. जवळा निम्मा तिकडेच राहिला. खोली खरंच छान झाली आहे, हिरवी, टेबलावर मी सध्या कांदे पसरलेत.

परसातल्या अननसाच्या पानात वाकून बघितलं. बेचक्यात पाणी होतं, आणि एक मुंगी. एवढी वर्षं दारात आहे, कधी वाकून बघितलं नव्हतं.

आज दुपारी व्हिडिओ कॉल आला. अरफाने फोन काचेला टेकवला. पानावर तो बसला होता, अंग मिरचीसारखं लाल, पाय निळे. जहूरचा हात दिसत होता, पाऊस पाडत होता. नौशीन मागून म्हणाली, "अम्मी, दिसतोय का?" दिसत होता. फार सुंदर दिसत होता. मी म्हटलं, थांबा, फोन बंद करू नका.

चुलीजवळून दोन लाल मिरच्या घेतल्या. खड्या मिठाची बरणी शेजारीच होती. अरफा ओरडली, "दादी! नो सॉल्ट!" मी म्हटलं, नुसत्या मिरच्या गं. फोनवरून सात वेळा उतरवल्या. मागे तिघं होती, त्यांच्यावरूनही आपोआप निघाल्या.

मिरच्या चुलीत टाकल्या. इथे घंटी नाही. असा ठसका लागला की अन्वरी कुंपणावरून विचारायला लागली काय झालं. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. एवढा ठसका लागतो तेव्हा नजर नसतेच.